पिळाचा हाफ स्वेटर : १७ इंच झालाय, २० हवा होता. उसवू का?

गुलबक्षी
नमस्कार मंडळी. ग्वाल्हेरहून लिहितेय, आणि अगदी रडकुंडीला येऊन लिहितेय.

बाबांसाठी हाफ स्वेटर विणायला घेतलाय. बाबा रोज पहाटे साडेपाचला फुलबागेत फिरायला जातात. जानेवारीत धुकं असं असतं की फाटकाबाहेर पडलेला माणूस चार पावलांत दिसेनासा होतो, पण त्यांचा नेम चुकत नाही. पूर्ण बाह्यांचा स्वेटर कोटाच्या आत दंडाला आवळतो म्हणतात, म्हणून बिनबाह्यांचा, व्ही गळ्याचा, समोर जाड पीळ असलेला. शेवाळी रंगाची शुद्ध लोकर घेतली, १०० ग्रॅमच्या ५ लडी. पॅटर्न इंटरनेटवरचा, अमेरिकन.

समोरचा भाग १४ इंच झाला. आता मुंढ्याचे टाके बंद करायचे म्हणून काल रात्री टेप लावली, तर रुंदी १७ इंच! पॅटर्नप्रमाणे २० हवी. बाबांची छाती ३८, स्वेटर एकूण ४० व्हायला हवा. टाके तीनदा मोजले, बरोबर १०६ आहेत.

त्यात आणखी एक. मध्ये शंकरपाळ्यांची उभी ओळ आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा टाक्यांचा एकेक पीळ, एक डावीकडे वळणारा, एक उजवीकडे. त्यातल्या उजव्याचा नववा पीळ भलत्याच दिशेला पडलाय. वर आणखी दोन पीळ विणून झाल्यावर लक्षात आलं. आता स्वेटर हातात घेतला की नजर तिथेच जाते.

दीड लड संपली, तीन आठवड्यांच्या रात्री गेल्या. संक्रांतीला द्यायचाय. सगळं उसवू का?

उलटसुलट
उसवू नका, थांबा. आधी दोन गोष्टी सांगा. सुई कितीची? आणि विणायच्या आधी नमुन्याचा छोटा तुकडा विणून बघितला होता का?

गुलबक्षी
सुई ८ नंबर. पॅटर्नमध्येही ८च लिहिलीय. नमुना नाही विणला, लोकर हातात आली आणि राहवलं नाही.

उलटसुलट
मग चोर सापडला. तुमच्या हाताची काही चूक नाही.

आपल्याकडच्या सुयांना जुने इंग्लंडचे नंबर आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते : ७ म्हणजे ४.५ मिलिमीटर, ८ म्हणजे ४, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५. अमेरिकेत बरोबर उलटं आहे, नंबर वाढला की सुई जाड. त्यांची ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. त्यांनी ५च्या सुईवर विणलं, तुम्ही ४च्या. टाके तेवढेच, पण प्रत्येक टाका बारीक. १०६ टाक्यांत तीन इंच कुठे गेले ते हे.

पॅटर्न कुठलाही असो, नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा. सुईच्या टोपीवर मिलिमीटर छापलेले नसतील तर भोकांची पट्टी मिळते, भोकात सुई घालून मापायची.

निमाकाकू
उलटसुलट यांनी सुईचं बरोबर सांगितलं. पण सगळा दोष सुईचा नाही हो, पीळही रुंदी खातो. सहा टाक्यांचा पीळ घातला की तो साध्या विणीतल्या चार टाक्यांएवढ्या जागेत बसतो, कारण तीन टाके दुसऱ्या तिघांच्या पाठीवर चढलेले असतात. जितके पीळ जास्त, तितका स्वेटर आत ओढला जातो. म्हणून आम्ही खालची पट्टी झाली की पहिल्याच ओळीत प्रत्येक पिळाच्या जागी दोन टाके वाढवतो. आणि वर खांद्यावर टाके बंद करायच्या आधी तेच दोन कमी करतो, नाहीतर खांद्याची कड फेंदारते.

गुलबक्षी, तुझी लोकर शुद्ध आहे हे नक्की ना? एक तुकडा काडीने पेटवून बघ. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

धुकं
मनापासून विचारतो, राग मानू नका. थंडीत आपल्याकडे तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात, मेळ्यातही ढीग असतात. बाबांना ४० नंबरचा तयार घेतला तर एका संध्याकाळचं काम. तीन आठवडे का?

मुरारकर
धुकंराव, त्या दुकानांतला बहुतेक माल लुधियानाच्या यंत्रावरचा असतो, आणि चांगला असतो, मीही घेतो. पण यंत्राचा पीळ हातात धरून बघा, पातळ असतो. हाताने विणलेल्या पिळाला मागे उलट टाक्यांची जमीन असते, ती खाली दबते आणि पीळ वर उठतो. त्या दोन थरांमध्ये हवा अडकते. थंडीत ऊब देते ती ही अडकलेली हवा. स्कूटरवरून बिर्लानगरच्या बाजूला सकाळी सात वाजता जाऊन या, फरक छातीला कळेल.

मी स्वतः विणतो. बासष्टाव्या वर्षी पाय मोडून दोन महिने पलंगावर होतो, तेव्हा आईच्या सुया काढल्या. सायकलच्या स्पोकच्या, टोकं फरशीवर घासून गोल केलेल्या. आईने आम्हा तिघा भावांचे स्वेटर त्यावरच विणले. उंची वाढली की खालची पट्टी उसवून त्याच रंगाची नसेल तर दुसऱ्या रंगाची लोकर जोडायची. माझ्या शाळेच्या स्वेटरला तीन रंगांचे तीन मजले होते.

गुलबक्षी
निमाकाकू, पेटवून बघितली. स्वयंपाकघरभर केस जळल्याचा वास, आई ओरडली. राख चुरली. शुद्धच आहे.

धुकं, राग कसला. बाबांकडे तयार स्वेटर आहेत. हा मला द्यायचाय.

कनकलता
मी वडोदऱ्याची. आमच्याकडे थंडी म्हणजे जानेवारीतल्या पंधरा सकाळी, तरी मी दर वर्षी सुया काढते. गुलबक्षी, एक वाचलं होतं. हे पिळाचे स्वेटर आयर्लंडच्या अरन बेटांवरचे ना? तिथे म्हणे प्रत्येक घराण्याचा पीळ वेगळा असायचा, म्हणजे समुद्रात बुडालेला माणूस स्वेटरवरून ओळखता यायचा. ऐकून अंगावर काटा आला होता.

उलटसुलट
कनकलताताई, बेटांचं बरोबर आहे. गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी तीन बेटं आहेत, इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर. घराण्याच्या पिळाची गोष्ट मात्र खरी नाही. १९०४ साली रंगमंचावर आलेल्या एका आयरिश नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते, पण ती स्वेटरवरून नव्हे, पायमोज्यावरून. तिने साठ टाके घातले होते आणि त्यातले चार गळाले होते, ते ती मोजते. पुढे त्या प्रसंगाचा स्वेटर झाला, आणि स्वेटर विकणाऱ्यांना ही गोष्ट फार उपयोगी पडली. ते जाड पांढरे स्वेटर गेल्या शतकाच्या सुरुवातीचे, आणि बायका ते घरच्यांसाठी जितके विणत तितकेच विकण्यासाठी.

मला तर मोज्याची गोष्टच जास्त खरी वाटते. आपला गळालेला टाका विणणाऱ्याला कुठेही ओळखू येतो.

गुलबक्षी
म्हणजे माझा नववा पीळ मला जन्मभर ओळखू येणार. आता तर नक्कीच दुरुस्त करायचा. कसा?

निमाकाकू
अगं, पूर्ण ओळी उसवायच्या नाहीत. फक्त त्या पिळाचे सहा टाके सुईवरून सोड, बाकीचे शंभर तसेच राहू देत. सहा टाके खाली सोडत सोडत नवव्या पिळापर्यंत ये. प्रत्येक ओळीचा एकेक लांब धागा शिडीच्या पायऱ्यांसारखा आडवा उभा राहील. घाबरू नकोस. लोकर खरी आहे, ती खवल्याखवल्यांची असते, एकमेकींना धरून राहते, शेजारचे टाके पळत नाहीत. ॲक्रिलिक असतं तर मी एवढ्या बेधडक सांगितलं नसतं.

तळाशी आलीस की सहा टाके दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या छोट्या सुईवर घे, मोज्याची सुई असते ना ती. मग पहिले तीन दुसऱ्या काडीवर. पीळ डावीकडे वळायला हवा असेल तर काडी पुढे, उजवीकडे वळायला हवा असेल तर मागे. आधी पुढचे तीन वीण, मग काडीवरचे. तिथून शिडीची एकेक पायरी घेत वर चढ, दर पायरीला सहा टाके. सर्वांत खालचा धागा आधी, क्रम चुकवू नकोस. मध्ये दहावा आणि अकरावा पीळही पुन्हा घालायचाय हे लक्षात ठेव.

माझी सासू पिळाला वेगळी काडी घेतच नसे. अंबाड्यातला आकडा काढायची, त्यावर तीन टाके अडकवायची, पीळ झाला की आकडा परत केसात. बोलता बोलता. आकड्याला दोन पाय असल्यामुळे टाके घसरत नाहीत.

तानपुरा
मी विणत नाही, माझी आई विणायची. डिसेंबरात हजिऱ्यात तानसेन समारोहाला आम्ही जायचो, तेव्हा शालीच्या आत तिच्या सुया चालू असत. दर ८ ओळींनी पीळ असलेला स्वेटर ती तालाच्या मात्रांवरून "केहरवा" म्हणायची आणि ६ ओळींवरचा "दादरा". पीळ पडतो ती सम. मोठी १६ ओळींची शंकरपाळी विणायची तो तीनताल. ओळी लिहून ठेवलेल्या मी कधी बघितल्या नाहीत. विलंबित ख्याल चालू असला की मात्र विणत नसे, म्हणे हात लयीबरोबर सैल पडतो आणि त्या रात्रीच्या चार इंचांचे टाके मोठे येतात. मुलीसाठी तिने विणलेल्या एका स्वेटरमध्ये असा सैल पट्टा आहे. बोट फिरवलं की कळतो.

गुलबक्षीताई, तुमचा नववा पीळ दुरुस्त करायच्या आधी एक फोटो काढून ठेवा.

मुरारकर
वा. आमच्या मातोश्री शांततेत काही विणायच्या नाहीत, रेडिओ लागायचा. पण एक विचारू का? तुम्ही सगळे टाके टाके म्हणता. आमच्या घरी "फंदे" आणि "सलाई". आई अस्सल मराठी, पण विणकाम शेजारच्या पंजाबी काकूंकडे शिकली, तर शब्दही तिथलेच आले.

निमाकाकू
आमच्याकडे टाके, आणि ओळीला "सुई". "दहा सुया विणल्या" म्हणजे दहा ओळी. पण लष्कर भागातल्या दुकानात गेलं की मीही फंदेच म्हणते, नाहीतर दुकानदाराला वाटतं जखमेचे टाके.

कनकलता
आमच्याकडे घरात टाके, दुकानात टांका. एका अनुस्वाराचा फरक.

मला मूळ प्रश्नाकडे यायचंय. पीळ दुरुस्त होईल, पण तीन इंचांचं काय? मी तर उसवलं असतं. छातीला घट्ट स्वेटर बाबा एकदा घालतील, लेकीसाठी, आणि मग कपाटात ठेवतील.

उलटसुलट
उसवण्याच्या आधी भिजवून बघा. टाके सुईवरून एका लांब सुती दोऱ्यावर घ्या, दोऱ्याच्या टोकांना गाठी. कोमट पाण्यात वीस मिनिटं, चोळायचं नाही, पिळायचं तर अजिबात नाही. टॉवेलात गुंडाळून दाबा, मग सपाट पसरून वाळू द्या. सुईवर पीळ आखडून बसलेले असतात, पाण्याने मोकळे होतात. खरं माप तेच. लांबी थोडी कमी होईल, ते गृहीत धरा.

निमाकाकू
बरोबर. आणि पाण्यात रिठ्याचा फेस घाल, कपड्याचा साबण नको. पाणी गरम नको. गरम पाण्यात चोळलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकून नमदा होतो, तो मग कशाने सुटत नाही. एकदा माझ्या नवऱ्याच्या स्वेटरचा कामवालीने साबणाने असा नमदा केला की तो चार वर्षांच्या नातवाला झाला. तिला आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

गुलबक्षी
तीन दिवसांनी लिहितेय.

पीळ सरळ झाला! रात्री दहाला बसले, साडेबाराला उठले. शिडीच्या एकवीस पायऱ्या होत्या. आईचा आकडा वापरला. दुरुस्त केलेली जागा जरा विस्कटलेली दिसत होती, काही टाके मोठे, काही बारीक. भिजवल्यावर तेही सारखे झाले.

आणि माप : वाळल्यावर १७ इंचांचे पावणेअठरा झाले. लांबी १४ची साडेतेरा. म्हणजे अजून सव्वादोन इंच कमी. ओढून ताणून पिना लावल्या तर १९ येईल असं वाटलं, पण पीळ चपटे दिसायला लागले, सोडून दिलं.

उलटसुलट
सोडलंत ते छान केलंत. ताणून वाळवलेला पीळ पुढच्या धुण्यात परत आखडतो.

मुरारकर
आता मी बोलू? उसवायची काहीच गरज नाही. आपल्या झब्ब्याला बगलेखाली कळ्या असतात की नाही? तशा घाला.

पुढचा भाग पावणेअठरा, मागचाही तेवढाच विणा. दोन्ही मिळून साडेपस्तीस. हवेत ४०. कमी पडले साडेचार. दोन बाजूंना सव्वादोन-सव्वादोन इंचांच्या दोन उभ्या पट्ट्या, खालपासून मुंढ्यापर्यंत. साबुदाण्याच्या विणीत विणा : एक सुलट, एक उलट, पुढच्या ओळीत सुलटावर उलट आणि उलटावर सुलट. ही वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि कड गुंडाळत नाही. पिळाशेजारी दाणेदार पट्टी शोभते, मुद्दाम केल्यासारखी.

आणखी एक फायदा. मुंढ्याचा खालचा सपाट भाग पट्टीवरच येतो, म्हणजे पुढच्या भागाचे फार टाके कमी करावे लागत नाहीत, दोन्हीकडे पाऊण-एक इंच पुरे. खांद्यापाशी साडेपंधरा-सोळा इंच राहिले की ३८ छातीच्या माणसाला नीट बसतो.

निमाकाकू
मुरारकर, शाब्बास! चाळीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. मी कळ्या झब्ब्यालाच शिवत राहिले.

गुलबक्षी, मागचा भाग साधा विणणार असशील तर १०६ टाके घालू नकोस, नाहीतर तो रुंद येईल. तुझ्या हाताचे साध्या विणीत इंचाला किती टाके येतात?

गुलबक्षी
या वेळी नमुना विणला, काकू. साध्या विणीत साडेपाच, साबुदाण्यात पाच.

निमाकाकू
मग मागे ९८ टाके. साडेपाचाने भागलं की पावणेअठरा येतात. पट्टीला १३ टाके : ११ दिसतील, दोन्ही कडांचा एकेक शिलाईत जाईल.

कनकलता
मागेही पीळ हवेतच असं माझं मत. पुढे श्रीमंती आणि मागे साधं, असं नको.

उलटसुलट
इथे मी निमाकाकूंच्या बाजूने. पाठीला पीळ असले की खुर्चीला टेकताना बोचतात, आणि कोटाच्या आत दोन्हीकडचा जाडपणा होतो. बाबा कोट घालतात. शिवाय पिळाला लोकर जास्त लागते, ५ लडींत बसवायचंय. त्यापेक्षा त्याच डाय लॉटची, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीतली, आणखी एक लड आजच आणून ठेवा. महिन्याने गेलात तर लॉट बदललेला असतो, आणि शेवाळी रंगात फरक उन्हात लगेच दिसतो.

गुलबक्षी
कनकलताताई, मन तुमच्याकडे होतं, पण बाबांच्या आरामखुर्चीकडे बघून साधाच ठरवला. टोपी बाजारात जाऊन आले. त्या लॉटची लड संपली. म्हणजे जे आहे त्यातच.

एक शेवटचा प्रश्न. व्ही गळा नेमका शंकरपाळ्यांच्या ओळीत सुरू होतो. मध्येच अर्धी शंकरपाळी कापली जाईल का?

निमाकाकू
गळा शंकरपाळीचं वरचं टोक मिटतं तिथून सुरू कर, त्यासाठी चार ओळी वर-खाली झाल्या तरी चालेल. मधले दोन टाके एकत्र विणून तो एक टाका पिनेवर ठेव, बाकीचे दोन भागांत वाटून घे. दर चौथ्या ओळीला गळ्याच्या बाजूने एक टाका कमी. तो अगदी कडेला नको, पिळाच्या पलीकडे, मुंढ्याच्या बाजूला कमी कर, म्हणजे पीळ गळ्याच्या कडेने तिरका चढत खांद्यावर जाईल. गळ्याची पट्टी १० नंबरच्या सुईवर, टोकाला त्या पिनेवरच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंचे टाके त्याच्याबरोबर एकत्र विणत जा.

गुलबक्षी
संक्रांत होऊन चार दिवस झाले. उशिरा लिहितेय, माफ करा, सुया खाली ठेवल्यावर दोन दिवस नुसती झोपले.

स्वेटर संक्रांतीच्या आदल्या रात्री अकराला शिवून झाला. बरोबर ४० इंच. बाबांनी तिळगूळ घ्यायच्या आधी अंगात घातला आणि हात वर करून, खाली करून, मागे नेऊन बघितला. बगलेतल्या पट्टीवरून अंगठा फिरवत विचारलं, "हे दाणे कशाचे?" कळ्यांची गोष्ट सांगितली. मुरारकरकाका, तुम्हाला त्यांनी नमस्कार सांगितलाय.

दुसऱ्या दिवशी फिरून आले तर कोट हातावर घेतलेला. धुकं दाट होतं. स्वेटरच्या पिळांवर वरच्या वरच बारीक बारीक थेंब उभे होते, आत ओल नव्हती. मी रुमालाने टिपायला गेले तर म्हणाले, राहू दे, झटकून जातात.

आता आईने विचारलंय, "आणि मला?" लोकर उरलीय ३५ ग्रॅम.

निमाकाकू
३५ ग्रॅममध्ये कानपट्टी होते. दोन्ही कडांना साबुदाण्याचे पाच-पाच टाके, मध्ये एक आठ टाक्यांचा पीळ, बाजूला दोन-दोन उलट. आईच्या डोक्याचं माप घे आणि त्यापेक्षा दीड इंच आखूड वीण, ती ताणून बसते. मागे टाक्याला टाका जोड, शिवण कानाला टोचणार नाही.